पंखा असला तरी भोकं हवीतच

प्रश्न : आमची बोट दिवाळे कोळीवाड्यात लागते. नारळी पौर्णिमेच्या आधी ह्यांनी केबिन नव्याने करून घेतली. पावसाचं पाणी आत यायचं म्हणून सगळ्या फटी बुजवल्या, खिडकीला सरकती काच बसवली. आत गॅसची एक शेगडी आहे आणि सिलिंडर तिच्याच खाली. चौघं जण झोपतात. वाफ जावी म्हणून छताला बारा व्होल्टचा पंखा लावलाय, तो आतली हवा बाहेर फेकतो. रात्री नांगर टाकल्यावर बॅटरी चार्ज व्हावी म्हणून थोडा वेळ इंजिन चालू ठेवतात. हल्ली सकाळी मुलाचं आणि एका खलाशाचं डोकं जड होतं, मळमळतं. हे म्हणतात, बोट लागली असेल. पंखा असताना केबिनला आणखी भोकं पाडायची गरज आहे का?
— एक वाचक, बेलापूर

उत्तर : ताई, गरज आहे, आणि तोपर्यंत आज रात्रीपासून दोन गोष्टी पाळायला सांगा. माणसं आत झोपलेली असताना इंजिन चालवायचं नाही. दार बंद असताना शेगडी पेटवायची नाही.

लहानपणापासून समुद्रावर वाढलेल्या मुलाला नांगरलेल्या बोटीवर एकाएकी बोट लागेल, हे मला पटत नाही. त्याला विचारा, बाहेर मोकळ्या वाऱ्यात आल्यावर तासाभरात डोकं उतरतं का? दोघांनाही एकाच वेळी होतं का? उत्तर हो असेल तर मला कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. झोपेत असलेल्याला जागही येत नाही. मुलाला आणि त्या खलाशाला डॉक्टरकडे न्या आणि बंद केबिनमध्ये झोपतात हे आवर्जून सांगा. नाहीतर पित्ताची गोळी हातात पडेल.

आता पंख्याचं. गोदीत जहाजाच्या टाकीत माणूस उतरण्याआधी हवा तपासण्याचं काम मी वर्षानुवर्षं केलं, आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच असायचा : हवा जाते ती कुठून, आणि येते ती कुठून? तुमच्या केबिनमधून हवा जायला पंखा आहे, यायला वाट नाही. फटी बुजवल्या, काच लावली. मग पंखा हवा ओढणार कुठून? जिथून मिळेल तिथून, म्हणजे पायाखालच्या फळ्यांतून, वायर आणि पाइप आत येतात त्या भोकांतून. त्याच्या पलीकडे इंजिन आहे. सायलेन्सरचा जोड कुठे जरी फुंकत असला तरी तो धूर पंखाच आत आणून देतो.

दुसरी वाट मागून. बोट नांगरावर असली की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे राहते आणि धूर मागे निघून जातो, असं आपण धरून चालतो. खाडीत तसं होत नाही. ओहोटीची ओढ जोरात असली की बोट पाण्याच्या ओढीला तोंड करून उभी राहते. वारा नैर्ऋत्येचा असेल तर तो पाठीमागून येतो आणि एक्झॉस्टचा धूर थेट केबिनच्या दारावर ढकलतो.

भोकं किती हवीत, याचा एक चांगला हिशेब ब्रिटनमध्ये लहान बोटींसाठी वापरतात. धुराडं नसलेल्या शेगडीच्या दर किलोवॉटला 2200 चौरस मिलिमीटर आणि दर माणसामागे 650 चौरस मिलिमीटर मोकळी जागा. निम्मी खाली, निम्मी वर. तासाला साधारण 150 ग्रॅम गॅस जाळणारा बर्नर म्हणजे जवळपास 2 किलोवॉट. त्याचे 4400, चार माणसांचे 2600, मिळून 7000 चौरस मिलिमीटर, म्हणजे 70 चौरस सेंटिमीटर. आतून दोन इंच व्यासाच्या पाइपाची मोकळी जागा सुमारे 20 भरते. तेव्हा चार पाइप लागतील : दोन छताजवळ, दोन जमिनीजवळ. गरम हवा वरून निघते, थंड हवा खालून शिरते, पंखा बंद असला तरी.

वरच्या पाइपाला बाहेरून एल्बो लावून तोंड खाली वळवा, पाऊस आत येणार नाही. खालची भोकं दाराच्या खालच्या भागात, उंबरठ्याच्या वर घ्या, म्हणजे डेकवरचं पाणी आत शिरणार नाही. डासांची बारीक जाळी लावणार असाल तर भोकं मोठी ठेवा, कारण जाळी बरीच जागा खाते आणि मीठ-काजळीने बुजतेही. झडप मात्र लावायची नाही. थंडी वाजली की ती बंद होते, आणि धोका नेमका तेव्हाच असतो. म्हणूनच उघडझाप होणारी खिडकी या हिशेबात धरत नाहीत. ताडपत्री टाकतानाही भोकांवर येऊ देऊ नका. पंखा राहू दे, पण या चार भोकांनंतरच. शिवाय इंजिनाच्या बाजूच्या सगळ्या फटी सीलंटने भरा. बुजवायच्या होत्या त्या या. इंजिनाला स्वतःची हवा बाहेरून वेगळी द्या : दोन लिटरचं चार-स्ट्रोक डिझेल इंजिन 1500 फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे 1500 लिटर हवा ओढतं.

सिलिंडर आधी बाहेर काढा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड-दोन पट जड. घरात गळला तर दाराखालून निघून जायची शक्यता तरी असते. बोटीचं बूड चहूबाजूंनी बंद, तिथे तो साचून राहतो, आणि हवेत त्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. ती तुमच्या पंख्याच्या मोटरचीही असू शकते. डेकवर, वारा लागेल अशा जागी सिलिंडर उभा बांधा आणि स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद. नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. ज्योत पिवळी पडत असेल, टोपाच्या बुडाला काजळी धरत असेल तर बर्नर साफ करून घ्या. तीच काजळी कार्बन मोनॉक्साइडची खूण आहे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, बोटीसाठी बनवलेला. झोपलेल्याच्या नाकाच्या उंचीला लावा, शेगडीपासून निदान मीटरभर लांब. त्याच्या सेन्सरलाही मुदत असते, ती वाचून घ्या. अलार्म आला म्हणून भोकं टाळू नका.

प्रश्न : बोटीतला मासळीचा खण साफ करायला उतरलं की चक्कर येते. वासाने होत असेल का? — सारसोळे

उत्तर : वासाचा प्रश्न नाही, हवेचा आहे. कुजलेली मासळी आणि तळाचं साचलेलं पाणी ऑक्सिजन खातात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोपर्यंत निदान कळतं, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. अशा खणात एक जण पडतो, त्याला उचलायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. सगळी झाकणं उघडा, ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून ताजी हवा भरपूर वेळ मारा आणि ती चालू ठेवूनच उतरा. कमरेला दोर, वर एक माणूस हजर. खालचा पडलाच तर वरच्याने दोर ओढायचा आणि हाका मारायच्या, उतरायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.