'बोंबों' हा फ्रेंच शब्द इतक्या भाषांत कसा पोचला?

फ्रेंचमध्ये 'बों' म्हणजे चांगलं. लहान मुलाच्या बोलीत तेच दोनदा म्हटलं की 'बोंबों', म्हणजे खाऊ, गोळी. आपल्याकडे 'मम्म' आणि 'भूभू' जसे तयार झाले, तसाच हा प्रकार. 17व्या शतकात तो फ्रेंचमध्ये दिसू लागतो. पुढे फ्रेंच दरबारी रीतीभातींची युरोपभर नक्कल झाली, आणि मिठाईबरोबर तिचं नावही गेलं.

खरी गंमत मात्र नंतरची. शब्द तोच, पण वस्तू बदलत गेली. जर्मनीत ती चघळायची साधी गोळी. नेदरलँड्समध्ये त्याच नावाने आत सारण भरलेलं चॉकलेट मिळतं. ब्राझीलचा 'बोंबोंम'ही चॉकलेटच. मेक्सिकोत 'बोंबोन' मागितलंत तर मार्शमेलो हातात येईल, आणि हैतीच्या क्रिओल भाषेत बिस्किट! स्पॅनिशमध्ये देखण्या माणसालाही 'बोंबोन' म्हणतात, आपल्याकडच्या 'आयटम'पेक्षा बरंच सभ्य.

डबीचंही तसंच. गोळ्यांच्या डबीचं फ्रेंच नाव 'बोंबोनिएर'. इटलीत त्याचं 'बोंबोनिएरा' झालं, आणि आता लग्नात पाहुण्यांना देतात ती छोटी भेटवस्तू म्हणजे बोंबोनिएरा. आत बहुधा साखरेत घोळलेले बदाम असतात.

मला सगळ्यात आवडतं ते जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताचं. तिथल्या बोलीत गोळीला 'गुआट्ल' म्हणतात, आणि त्याचं मूळ 'गुट', म्हणजे पुन्हा 'चांगलं'च.