टीव्ही वाहिनीतली नोकरी सोडून नाट्यसहली काढायच्या असतील, तर सांगलीतून सुरुवात करावी का?

जरूर करा. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भावेंनी ‘सीतास्वयंवर’, म्हणजे पहिलं मानलं जाणारं मराठी नाटक, सांगलीतच रंगवलं. त्या तारखेला मराठी रंगभूमी दिन असतो आणि भावे नाट्यमंदिरात रंगकर्मींना भावे गौरव पदक दिलं जातं. पहिली सहल तेव्हाच ठेवा.

मुंबईकर महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मिरजेत उतरतील. दुपारी त्यांना सांगलीजवळच्या हरिपूरला घेऊन जा. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव, कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातलं एखादं पद तिथे पेटीवर म्हणायला स्थानिक गायक गाठा, लोक ते विसरणार नाहीत. मिरजेत सतारमेकर गल्लीत सतारीच्या भोपळ्याला तबली, म्हणजे वरची लाकडी पाटी, बसवताना बघायला मिळतं, तिथे घाई करू नका.

वाहिनीत वेळापत्रक, बजेट, कलाकारांच्या तारखा सांभाळल्यात ना? तोच अनुभव इथे कामी येतो. फरक एकच आणि मोठा: तिथे प्रेक्षक दिसत नाही, इथे तो चहा कधी मिळणार विचारतो. दौऱ्याचे प्रयोग पुढेमागे होतात, म्हणून नाट्यव्यवस्थापकाकडून तारीख पक्की झाल्याशिवाय पैसे घेऊ नका. गट पंचवीस-तीसचाच ठेवा, एका बसमध्ये मावेल असा.