टाकीतले क्लीनर व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही

प्रश्न : माझ्या डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल गाडीचे थंड इंजिन सुरू केल्यावर थरथरते. इनटेक व्हॉल्व्हवर (सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेवर) कार्बन साचल्याचे मेकॅनिक सांगतात. टाकीत क्लीनर टाकूनही फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : फरक पडणारही नव्हता. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारले जात असल्याने ती आपोआप धुतली जाई. तुमच्या इंजिनात मात्र ते थेट सिलिंडरमध्ये जाते आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातून) हवेबरोबर येणारी ऑइलची वाफ तापलेल्या व्हॉल्व्हवर बसून करपत राहते. क्लीनरचा उपयोग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि सिलिंडरच्या आतल्या भागापुरताच, आणि जाहिरातींत हे सहसा सांगितले जात नाही.

थर जाड असल्यास इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवून, ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत त्याच्याच पोर्टमध्ये (व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत) अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाच्या हवेने मारणे हा खात्रीचा उपाय आहे. कवच कार्बन खरवडते, पण धातूला सहसा इजा करत नाही. हवेच्या मार्गातून फवारायचे रसायन पातळ थरावर थोडेफार चालते. त्याआधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल मात्र तपासून घ्या, कारण थरथर त्यांच्यामुळेही होते.

पुढे साचणे पूर्ण थांबत नाही, मंदावते. उत्पादकाने सांगितलेल्याच दर्जाचे ऑइल वेळेवर बदला आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे सोडणारी झडप) तपासून घ्या. व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जावेत म्हणून काही उत्पादक पोर्टमध्येही इंजेक्टर बसवतात. नवी गाडी घेताना ते विचारून घ्यावे.