अनिर्णित का अनिर्णेय?

प्रश्न आलाय सोलापुरात बी.एस्सी. कॉम्प्युटर करणाऱ्या एकीचा: मराठी नोट्समध्ये ‘अनडिसायडेबल’ला (म्हणजे जिचं प्रत्येक वेळी बरोबर हो-नाही सांगणारी एक रीत असूच शकत नाही अशी समस्या) एका पानावर अनिर्णित आणि पुढच्या पानावर अनिर्णेय लिहिलंय, दोन्ही चालतं का?

नाही चालत. अनिर्णित म्हणजे निकाल लागला नाही, एवढंच. आपल्या पार्क मैदानावर रणजीची मॅच ड्रॉ झाली की पेपरात ‘सामना अनिर्णित’ येतं ना, तेच (खरं तर णी दीर्घ पाहिजे, अनिर्णीत, पण पेपरवाले ऐकतात होय). अजून एक दिवस मिळाला असता तर लागलाही असता निकाल. अनिर्णेयमधला ‘य’ मात्र शक्यतेबद्दल बोलतो, ज्ञेय, पेय, अजेयमधला तोच. अजित म्हणजे अजून कुणी हरवला नाही असा, अजेय म्हणजे कुणाला हरवताच येणार नाही असा.

हा फरक किती कामाचा आहे ते जर्मन गणिती हिल्बर्टच्या दहाव्या प्रश्नात लय भारी दिसतं. १९०० साली त्यानं मागितलं की पूर्णांक सहगुणकांचं कुठलंही बहुपदी समीकरण घ्या, चलं कितीही असू देत, त्याला पूर्णांकात उत्तर आहे का नाही हे ठरवायची एक रीत द्या. ७० वर्षं प्रश्न अनिर्णीत. मग १९७० ला रशियन गणिती मातियासेविचनं, डेव्हिस, पटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांनी बरंचसं काम करून ठेवलं होतं त्यातला राहिलेला भाग पुरा केला आणि दाखवलं की अशी रीत असूच शकत नाही. म्हणजे प्रश्नाचा निर्णय लागला, आणि लागला तो हाच की समस्या अनिर्णेय आहे! दोन्हीकडं एकच शब्द वापरून हे वाक्य लिहून बघ की.

याच्या उलट कोलाट्झचा प्रश्न. १ पासून पुढची कुठलीही पूर्ण संख्या घे, सम असेल तर निम्मी कर, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळव, असं करत गेलं तर शेवटी १ येतोच का? हे अजून अनिर्णीत आहे, उद्या कुणी सोडवेलही.

आणि हो, अनिर्णेय हे विशेषण एकट्या प्रोग्रॅमला लावू नको, ते समस्येचं आहे. अमुक एक प्रोग्रॅम थांबतो का हे बऱ्याचदा सिद्ध करता येतं, पण कुठलाही प्रोग्रॅम समोर टाकला तरी बरोबर हो-नाही सांगेल अशी एक रीत नाही, हॉल्टिंग प्रॉब्लेम म्हणतात तो हाच. त्यात ‘हो’ तेवढं कळतं, चालवून बघायचं, थांबला की झालं. नाही थांबला तर बस वाट बघत. अशाला अर्धनिर्णेय म्हण, खुशाल.