भामरागडची ऑर्डर आली आहे, लेकीला पाठवू का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलंय. घरी दोन एकर ऊस आणि चार म्हशी. थोरली लेक शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकली, लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी झाली. गावात पेढे वाटून झाले, डिजिटल फलक लागला आणि मग नियुक्तीचा आदेश हातात पडला: भामरागड, जिल्हा गडचिरोली. तुम्ही लिहिता, "म्याडम, पोरगी शिरवळच्या पलीकडं कधी गेली नाही. नकाशात बघितलं तर महाराष्ट्र संपतो तिथं. तिची आई चार दिवस नीट जेवली नाही." पुढे विचारता की ऑर्डर नाकारून पुन्हा परीक्षा द्यावी का, मंत्रालयात ओळख आहे ती वापरून जिल्हा बदलून घ्यावा का, आणि तिकडे एकट्या मुलीला धोका किती.

या सगळ्याची उत्तरं देते. पण आधी एक खटकलेली गोष्ट सांगते. अख्ख्या पत्रात लेकीचं म्हणणं कुठेच नाही. तिच्याबद्दल एकच ओळ आहे, "ती काही बोलत नाही, नुसती मोबाईलवर भामरागडचे व्हिडिओ बघत बसते." दादा, जिला जायचंच नाही ती पोरगी त्या गावचे व्हिडिओ बघत बसत नाही. आज संध्याकाळी धार काढायच्या वेळी गोठ्यात दोघंच असाल तेव्हा तिला विचारा. आई समोर असली तर ती आईच्या डोळ्यांकडे बघून उत्तर देईल.

ऑर्डर नाकारण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नाकारू नका. याच पदाच्या २,७९५ जागांची जाहिरात आयोगाने २०२५ मध्ये काढली होती. एवढी मोठी भरती वर्षाआड होत नाही. आज हातात असलेली गट-अ ची नोकरी सोडायची आणि पुढची जाहिरात कधी येईल याची वाट बघत बसायचं, हा हिशोब मला पटत नाही. शिवाय पुढच्या वेळी घराजवळचाच तालुका मिळेल असं कोण सांगणार?

ओळखीचं म्हणाल तर तो दरवाजा उघडूच नका. सेवेच्या बाबतीत बाहेरून वजन आणणं हे १९७९ च्या वर्तणूक नियमांत बसत नाही, आणि अशी चिठ्ठी गेली की नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिच्या नावावर शिक्का बसतो. तब्येतीचं खरंखुरं कारण असेल तर कागदपत्रांसह रीतसर अर्ज करता येतो. तसं कारण नसेल तर थांबा. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ ३ वर्षांचा आहे. म्हणजे ही पोस्टिंग जन्माची नाही. म्हैस विकत घेतल्यापासून तिची दोन-तीन वेतं होईपर्यंतचा काळ म्हणा.

आता माझी गोष्ट, कारण तुमच्या घरात आज जे चाललंय ते मी घरातल्या दुसऱ्या बाजूने पाहिलंय. १९९४ साली मी कृषी विस्तार अधिकारी म्हणून धडगावला रुजू झाले. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेव्हा धुळ्यात होतं. सातपुड्यातलं गाव, जूनचा पाऊस, शहाद्याहून येणारी एसटी कधी यायची, कधी नाही. माणसं पावरी बोलायची, मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. बाराव्या दिवशी मी रजा टाकून घरी आले आणि वडिलांना म्हणाले, मी परत जाणार नाही. ते काहीच बोलले नाहीत. माझ्या पिशवीतून रॉकेलचा स्टोव्ह बाहेर काढला, ओट्यावर ठेवला. त्याचा वॉशर बदलला, पिन मारून भोक साफ केलं, पंप मारून पेटवून पाहिला. निळी ज्योत धरेपर्यंत थांबले. मग विझवला, गार होऊ दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून परत पिशवीत ठेवला आणि सोबत चार पिना कागदात बांधून दिल्या. तिथला माझा स्टोव्ह भडकतो, हे मी त्यांना बोलता बोलता सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मी गाडीत बसले. धडगावला चार वर्षं राहिले.

जा म्हणाले असते तर मी भांडले असते. राहा म्हणाले असते तर राहिले असते, आणि नंतर त्यांनाच बोल लावला असता.

तुमची मुलगी तिथे काय करणार, हे तुम्हाला नीट कळावं असं मला वाटतं, कारण तुम्ही स्वतः जनावरं पाळता. आपल्याकडे पशुवैद्य म्हटलं की दूध आलं. म्हैस गाभण न राहता उलटली, कासदाह झाला, फॅट कमी लागलं की डॉक्टरला फोन. भामरागडच्या माडिया आदिवासींच्या गावांत अनेक घरी गाईचं दूध काढायची रीतच नाही. दूध वासराचं, अशी समजूत आहे. गाय-बैल शेतीसाठी आणि शेणासाठी. घर चालतं ते शेळ्या, डुकरं आणि कोंबड्यांवर. पाहुणा आला, देवाचं काही निघालं, अडीनडीला पैसे लागले, की कोंबडीच पुढे येते. म्हणजे तुमच्या लेकीने कृत्रिम रेतन आणि दूधवाढीचं जे शिकून ठेवलंय, त्यातलं बरंच पहिल्या वर्षी पेटीतच राहील. हे तिला आधीच माहीत असलं तर ती खचणार नाही.

उलट कोंबड्यांच्या राणीखेत रोगावर तिने लक्ष दिलं तर सहा महिन्यांत गावोगाव तिचं नाव होईल. एकदा राणीखेत शिरला की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. लस स्वस्त, नाकात-डोळ्यांत थेंब टाकायचे. अडचण एवढीच की दिवसा कोंबड्या रानभर हिंडतात, हाती लागत नाहीत. म्हणून हे काम पहाटे खुराडं उघडायच्या आधी करायचं, नाहीतर दिवेलागणीला. दहा ते सहा दवाखान्यात बसणाऱ्याला ते कधीच जमत नाही. आणि लस २ ते ८ अंश तापमानात टिकवावी लागते. तिथे वीज बेभरवशाची, तेव्हा गेल्या गेल्या दवाखान्यातला फ्रीज चालतो का, बर्फाच्या पिशव्या किती, लसीचा डबा फुटका तर नाही, हे तिने स्वतः उघडून पाहावं. कागदावर सगळं चालूच असतं.

दुसरं म्हणजे पाऊस. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे आपण वर्षानुवर्षं बातम्यांत बघतोय. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्या एकत्र येतात. घटसर्प आणि फऱ्या हे जनावरांचे रोगही पावसाच्या तोंडावरच डोकं वर काढतात. म्हणजे लसीकरण मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरकलं नाही, तर ज्या गावांत जनावरं मरतील तिथे नेमकं तिला पोहोचता येणार नाही. तिचं वर्ष या हिशोबाने आखावं लागेल. गावात पंडुम, म्हणजे त्यांचा सण, असेल त्या दिवशी शिबिर ठेवायचं नाही, हे तिला दवाखान्यातला परिचर सांगेल. तो माणूस फार मोलाचा. कुठल्या गावात कुणाच्या अंगणात आधी बसायचं, कुणाला जोहार घालायचा, कुठल्या नाल्याला किती पाणी असतं, हे त्यालाच माहीत. तिने त्याला अहो-जाहो करावं आणि माडिया बोली शिकायला त्याच्यापासूनच सुरुवात करावी. रोज पाच शब्द वहीत. जनावर कधीपासून चरत नाही, एवढं मालकाच्या भाषेत विचारता आलं तरी निम्मं निदान होतं.

धोक्याबद्दल खोटा धीर देणार नाही. नक्षलवादाचा मोठा काळ त्या तालुक्याने सोसलाय. परिस्थिती आता खूप बदलली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रं खाली ठेवली. तरीही तिथले जुने कर्मचारी जे नियम पाळतात ते तिनेही पाळावेत: अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचायचं, आतल्या गावात एकटीने जायचं नाही, कुठे चाललो ते दवाखान्यात लिहून ठेवायचं. खरं भय मला मलेरियाचं जास्त वाटतं. राज्यात मलेरियाचे रुग्ण सर्वाधिक निघतात त्यांत हा जिल्हा कायम असतो. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, "उद्या बघू" म्हणायचं नाही. पशुवैद्य आहे म्हणून रेबीजची आगाऊ लसही पूर्ण झालेली असावी. कॉलेजात घेतली असेल तर कधी घेतली ते तिला विचारा.

प्रवासाचं सांगते, कारण नकाशा बघून तुम्ही घाबरलात. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस थेट नागपूरला नेते. रात्रंदिवसाचा प्रवास आहे, पण गाडी बदलायची नाही. नागपूरहून एसटीने गडचिरोली, तिथून आलापल्लीमार्गे भामरागड. गडचिरोलीपासूनच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, तेव्हा गडचिरोलीत एक मुक्काम धरून चला. रुजू होताना तुम्ही सोबत जा. दोन दिवस राहा, खोली बघा, शेजार बघा आणि परत या. आठ दिवस राहू नका. आठ दिवस राहिलात तर तिथल्या लोकांशी तुमचीच ओळख होईल, तिची नाही.

पगाराचं एक लक्षात ठेवा. पहिला पगार महिना भरला की लगेच येत नाही. सेवार्थ या सरकारी पगाराच्या संगणक प्रणालीत नोंद, निवृत्तिवेतन खात्याचा प्राण क्रमांक, सेवापुस्तक हे सगळं होईतो दोन-तीन महिने सहज जातात. तेवढा खर्च तिच्या खात्यात टाकून ठेवा, म्हणजे तिला कुणाकडे हात पसरायला नको. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी, लागू केली आहे. ती आपोआप मिळेल असं धरून बसू नये. रुजू झाल्यावर आस्थापनेच्या लिपिकाला भेटून तिच्या बाबतीत काय लागू होतं ते विचारावं आणि लेखी अर्ज द्यावा. रुजू अहवालाची पोच घ्यायला विसरू नये. तो एक कागद पुढे तीस वर्षं लागतो.

लग्नाचं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, "स्थळं येत होती, आता काय सांगायचं." जे आहे ते सांगायचं. मुलगी भामरागडला डॉक्टर आहे. ते ऐकून जो माघारी फिरेल, त्याच्या घरी तिची पुढची बदली तरी कशी निभावली असती?

फोन रोज करा, पण "कधी येतेस" हा प्रश्न पहिल्या तीन महिन्यांत विचारू नका. नेटवर्क नसेल तर दोन-दोन दिवस लागणारही नाही. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने चौकशी लावू नका. तिला विचारायचं असेल तर आज कुठलं जनावर तपासलंस ते विचारा. तुम्हाला त्यातलं कळतं, हा तुमच्या घरचा मोठा आधार आहे. पशुवैद्याचं बोलणं समजणारा बाप किती जणींना असतो?

आणि तिच्या आईंना सांगा, चार दिवस जेवल्या नाहीत ते बास झालं, सामान बांधायला घ्या. भडंग, चटणी, मेतकूट द्याल ते द्याच, पण औषध लावलेल्या मच्छरदाण्या दोन घ्या. दिवाळीनंतर पाणी ओसरून रस्ते मोकळे होतात. तेव्हा तुम्ही दोघं जाल, त्या वेळी दुसरी लागेल.