नायब राज्यपाल निवडून येतात का?

'व्हर्जिनियाच्या नायब राज्यपालपदी गझाला हाश्मी यांची निवड' असा मथळा नोव्हेंबर २०२५ मध्ये वाचून एका वाचकाने विचारलं आहे: नायब राज्यपाल तर राष्ट्रपती नेमतात, मग ही निवड केली कोणी? आणि शब्द तरी बरोबर आहे का?

मूळ पद अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचं 'लेफ्टनंट गव्हर्नर'. त्यातल्या 'लेफ्टनंट'साठी 'नायब' अगदी चपखल आहे. 'लेफ्टनंट' हा मुळात फ्रेंच जोडशब्द, 'जागा' अधिक 'धरणारा'. अरबीतला 'नाइब'ही दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा. आपल्या नायब तहसीलदारात तोच आहे, आणि 'नवाब' हे त्याचंच अनेकवचन, आदरापोटी एकासाठी वापरता वापरता रुळलेलं. इतका नेमका मेळ दोन भाषांत क्वचित बसतो.

घोळ होतो तो 'राज्यपाल' या शब्दाने. तो ऐकला की दिल्लीहून नेमलेली व्यक्ती डोळ्यांपुढे येते. गोव्यात ३० मे १९८७ ला घटकराज्य होईपर्यंत असे नेमलेले नायब राज्यपालच असत. अमेरिकेतला गव्हर्नर मात्र राज्याचा कारभार स्वतः हाकतो, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. त्याचा लेफ्टनंटही बहुतेक राज्यांत अख्ख्या राज्याच्या मतांवर येतो. व्हर्जिनियात तर मतपत्रिकेवर गव्हर्नरसाठी एक मत आणि लेफ्टनंट गव्हर्नरसाठी दुसरं. २००५ मध्ये तिथे गव्हर्नर झाले डेमोक्रॅट टिम केन आणि लेफ्टनंट गव्हर्नर झाले रिपब्लिकन बिल बोलिंग! अशा माणसाला गव्हर्नरचा हाताखालचा कसं म्हणायचं? त्याचं मुख्य काम राज्याच्या ४० सदस्यांच्या सिनेटचं, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचं, अध्यक्षस्थान सांभाळणं आणि मतं समसमान पडली तर बहुधा निर्णायक मत देणं. शेजारच्या मेरिलँडमध्ये दोघं एकाच मतावर येतात. २०२२ मध्ये वेस मूर यांच्या जोडीने अरुणा मिलर तशा आल्या. (हाश्मी आणि मिलर, दोघींचाही जन्म हैदराबादचा.)

मथळ्यातला 'पदी निवड' मला जास्त खटकतो. निवड समितीही करते, पक्षश्रेष्ठीही करतात. मतदार 'निवडून देतात'. हा फरक मराठीत आयता आहे, तो मथळ्याच्या दोन अक्षरांसाठी का घालवायचा?

जुना 'मुतालिक' कुणी सुचवेल. प्रधान मोहिमेवर गेला की मागे त्याचं काम पाहणारा तो मुतालिक. मला हा शब्द फार आवडतो, पण मुतालिकही नेमलेलाच, म्हणून इथे तो चालणार नाही.

माझं मत 'लेफ्टनंट गव्हर्नर' या शब्दाला. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरला आपण राज्यपाल म्हणत नाही, 'गव्हर्नर'च म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही. दिल्ली, पुदुच्चेरी, लडाखसाठी 'नायब राज्यपाल' राहू द्यावा. आणि ती बातमी मी अशी लिहिली असती: 'व्हर्जिनियाच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत गझाला हाश्मी विजयी'.