जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये रात्री झोपण्यासाठी एसी हवा आहे. छतावरचा बसवावा की इंजिनावरचा दुरुस्त करून घ्यावा?

गाडी पंचवीस वर्षांची, डॅशबोर्डचा एसी बंद पडलेला, आणि रात्री दोन माणसांना नीट झोप लागावी एवढीच अपेक्षा. मग इंजिनावरच्या एसीचा विषय इथेच संपला. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद की कूलिंग बंद. छतावरचा घ्या.

पण मी लिहायला बसलो ते एवढ्यासाठी नाही. तुम्ही शेवटी म्हटलंय की घरचे सांगतात, ‘एक टनाचा बसव, बाकी काही करायची गरज नाही.’ हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यापायी आमच्या गाडीचं छत खराब झालं.

व्हॅन आम्हा दोघा भावांची सामाईक. आई बरोबर असायची. पहिल्याच उन्हाळ्यात एका रात्री अकरा वाजता ती उठली आणि बाहेर खुर्ची टाकून बसली. मी तिच्या उशाजवळच्या भिंतीला तळहात लावून पाहिला. ऊन उतरून चार तास झाले होते, बाहेर वारा सुटला होता, आणि आतलं प्लायवूड ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागत होतं. पत्रा लवकर निवतो हो. पण दिवसभर तापलेलं प्लाय, कपाटं, गाद्या अर्धी रात्र उष्णता सोडत बसतात.

मी म्हटलं, दादा, आधी आतलं प्लाय काढू आणि पत्र्याला फोम लावू. तो म्हणाला, ‘फोमने कधी कुणाला गार वाटलंय?’ आणि आठवड्याभरात छतावरचा एसी घेऊनच आला. २३० व्होल्टचा, ३५ किलोचा. बसवणाऱ्याने छतावरच्या झरोक्याचं भोक थोडं वाढवलं, एसी वर ठेवला, आतून चार बोल्ट आवळले आणि दोन तासांत निघून गेला. पत्र्याखालच्या लोखंडी फासळ्यांवर टेकणारी चौकट आत घातलीच नाही. सगळा भार नुसत्या पत्र्यावर.

पहिल्या रात्री एसी सुरू होताना इन्व्हर्टरने दोनदा मान टाकली, कारण साध्या कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना चालत्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढते. तिसऱ्यांदा चालला, आणि दीड वाजता बॅटरी बसली. आई पुन्हा बाहेर. दादाचं म्हणणं, अजून दोन बॅटऱ्या टाकू. म्हणजे आणखी वजन, आणि मुळातली उष्णता तशीच!

मग पाऊस आला. एसीच्या भाराने छत बोटभर खाली गेलं होतं. त्या खळग्यात पाणी साचायचं आणि रबरी गॅस्केटखालून थेंब थेंब आईच्या गादीवर पडायचं. दादाने वरून सिलिकॉन फासलं. दुसऱ्या पावसाळ्यात मी एकट्याने आतलं प्लाय उतरवलं. कडा काळ्या पडून भुसा झाल्या होत्या, भोकाभोवती चारही बाजूंनी गंज, आणि पत्रा व प्लाय यांच्यामध्ये काहीही नाही. नुसती पोकळी. वर्षभर आम्ही उघड्या पत्र्याखाली एसी चालवत होतो.

आता हिशोब बघा. पाच मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद छत म्हणजे ९ चौरस मीटर. भर दुपारी निरभ्र आकाश असेल तर दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊन पडतं, म्हणजे छतावर ९ किलोवॉट. ते सगळं आत येत नाही हे खरं, पण गडद रंगाचा पत्रा त्यातलं बरंचसं शोषून घेतो. एक टनाचा एसी आतली उष्णता ओढून काढतो ती ३.५ किलोवॉट. काचांतून येणारं ऊन आणि माणशी शंभरएक वॉट अजून धरलेले नाहीत. आधी ऊन अडवा म्हणतो ते यासाठी.

मी एसी उतरवून खोक्यात ठेवला. गंज घासून काढला, भोकावर झाकण बसवलं, छताला पांढरा रंग दिला, पत्र्याला आतून २५ मिलिमीटरचा बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) फोम चिकटवला, फासळ्यांवरही पातळ पट्ट्या लावल्या (लोखंडातून उष्णता सरळ आत येते, आणि लोक नेमकं तेच विसरतात). काचांना चकचकीत पडदे बाहेरून लावले. आतून लावले की ऊन काच ओलांडून आलेलं असतं, मग निम्मा फायदा गेला. एक पूर्ण उन्हाळा एसीशिवाय काढला आणि रोज दुपारी तीनला आतलं-बाहेरचं तापमान वहीत लिहिलं. आधी आत बाहेरपेक्षा नऊ अंश जास्त असायचं, त्या उन्हाळ्यात दोन-तीन. दादा अजून सांगतो की आपली गाडी नव्या एसीमुळे गार झाली. त्या उन्हाळ्यात गाडीत एसी नव्हताच.

नवा एसी नंतर आला: १२ व्होल्टवर थेट चालणारा, गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा. असाच घ्या, मध्ये इन्व्हर्टर लागत नाही. पूर्ण जोरात साधारण ६०० वॉट, म्हणजे ५० अँपिअर. २०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत २५६० वॉट-तास असतात, म्हणजे चार तास. पण गाडी तापलेली नसेल तर तासाभरात तो मंद होतो आणि सकाळपर्यंत पुरतो. लेड-ॲसिड घेऊ नका, तिच्यातली निम्मीच वापरता येते. वायर २५ चौरस मिलिमीटरची, फ्यूज बॅटरीला लागून. जुना ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) बॅटरीला सरळ जोडू नका. रिकामी लिथियम त्याला जाळेपर्यंत करंट ओढते. मधे करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. ३० अँपिअरचा असेल तर पूर्ण भरायला सातेक तास गाडी चालवावी लागेल, तेव्हा एकाच जागी दोन-तीन रात्री काढायच्या असतील तर बाहेरची वीज लागेल.

काही गोष्टी वर राहिल्या. फोम आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खाली नेऊ शकत नाही, म्हणून दमट, वारा नसलेल्या रात्री एसी लागतोच. तो नको असं मी म्हणत नाही. पाण्याचा कूलर फक्त कोरड्या हवेत चालतो. वर उचलायचं छत असेल तर ३५ किलो त्याच्यावर ठेवू नका. डॅशबोर्डचा एसी प्रवासापुरता दुरुस्त करायचा असेल, तर त्यात कूलिंगचा गॅस जुना आर-१२ होता की नंतरचा आर-१३४ए ते आधी बघा. आर-१२ असेल तर नुसता दुसरा गॅस भरून भागत नाही, तेल आणि ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) बदलावा लागतो, बहुतेक वेळा पाइपही. आणि इंजिन चालू ठेवून आत झोपायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

छत कापायच्या आधी प्लाय उतरवून दोन फासळ्यांमधलं अंतर मोजा आणि इथे लिहा. चौकटीला चौकोनी पाइप किती लांबीचा लागेल ते त्यावरून सांगतो.